लोगो पुसला जात नाही, कारण तो त्या स्लाइडवर नाहीच

या वेळचं पत्र एका ऑफिसात हिशेबाचं काम करणाऱ्या ताईंचं आहे. थोडं कापून देतेय.

"मॅडम, एक्सेल मला चांगलं येतं, पण दोन महिन्यांपासून प्रेझेंटेशनचं कामही माझ्याकडे आलंय. परवा सरांनी ३८ स्लाइडची एक जुनी फाइल दिली आणि म्हणाले, टेम्प्लेट हाच ठेवा, मास्टरमधला लोगो तेवढा बदला, दोन-चार स्लाइडचे लेआउट नीट करा आणि थीम जरा फिकट निळी करा. मी हो म्हणाले. जुना लोगो क्लिकच होईना, म्हणून मी त्यावर पांढरा चौकोन टाकला आणि त्यावर नवा लोगो ठेवला, असं ३८ वेळा. दोन संध्याकाळी गेल्या. मग बॅकग्राउंड निळं केलं तर सगळे पांढरे चौकोन ठिगळासारखे दिसायला लागले. लेआउट बदलला तर अक्षरं जागची हलली नाहीत, उलट 'क्लिक टू ॲड टेक्स्ट' असे रिकामे डबे मधेच उगवले. एका स्लाइडवर रीसेट दाबलं तर हेडिंगला दिलेला रंग नि साइज गेली. थीम, टेम्प्लेट, मास्टर, लेआउट, डिझाइन, मला हे सगळं एकच वाटतं. सरांना परत विचारायची लाज वाटते. मी मठ्ठ आहे का?"

ताई, मठ्ठ नाही हो, अजिबात नाही. जी बाई ३८ वेळा चौकोन टाकून प्रत्येक लोगो बरोबर जागी बसवते तिच्यात चिकाटीही आहे आणि नजरही आहे, फक्त कुणी तुम्हाला हे सांगितलं नाही की तुम्ही जो लोगो पुसायला बघत होतात तो त्या स्लाइडवर नव्हताच. दिसत होता तिथे, पण राहत होता दुसरीकडे. आणि खरं सांगू का, या सगळ्या शब्दांचा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण मेनूतला एकही शब्द तुम्हाला हे सांगत नाही की अमुक वस्तू कुठे राहते.

शाळेची वही आठवा. तिच्यावर समासाची लाल रेघ असायची ना, ती खोडरबरनं जायची का? कितीही घासा, कागद फाटेल पण रेघ जाणार नाही, कारण ती पेन्सिलनं काढलेलीच नाही, छापखान्यातून छापून आलेली आहे. तुम्ही लिहिलेलं मात्र खोडता येतं. प्रेझेंटेशनमध्ये अगदी हेच चाललेलं असतं. स्लाइड म्हणजे वहीचं पान, त्यावर तुम्ही लिहिता ते तुमचं. लेआउट म्हणजे पानाचा प्रकार, एकेरी रेघांचं, दुरेघी, आलेखाचं, किंवा प्रॅक्टिकलच्या वहीसारखं एक पान कोरं एक पान रेघांचं. आणि मास्टर म्हणजे छापखान्यातली ती मूळ प्लेट, जिच्यात एक रेघ सरकवली की वहीच्या सगळ्या पानांवर सरकते. तुमचा जुना लोगो प्लेटवर होता आणि तुम्ही पानावर उभं राहून तो घासत होतात. 

तर शब्द पाठ करत बसू नका, त्याऐवजी कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी स्वतःला एकच विचारा, ही राहते कुठं? पानावर, पानाच्या प्रकारात, की प्लेटवर?

आता तुमची फाइल उघडा आणि माझ्यासोबत करून बघा. पॉवरपॉइंट धरून चालते, कारण तुम्ही लिहिलेल्या खुणा त्याच्याच आहेत. वर व्ह्यू टॅबमध्ये जा, तिथे स्लाइड मास्टर आहे ते दाबा. डावीकडची पट्टी एकदम बदलेल आणि तुम्हाला वाटेल आपल्या स्लाइड गेल्या, पण त्या कुठेही गेलेल्या नाहीत, तुम्ही फक्त छापखान्यात आलात. पट्टीत सगळ्यात वर एक मोठं चित्र दिसेल, तो मास्टर. त्याच्या खाली जरा आत सरकून छोटी छोटी चित्रं असतील, ते लेआउट. नवी कोरी फाइल उघडली तर साधारण ११ लेआउट असतात, टायटल स्लाइड, टायटल अँड कंटेंट, सेक्शन हेडर, टू कंटेंट वगैरे, ऑफिसच्या जुन्या फाइलीत कितीही असू शकतात. माउस त्या चित्रावर नुसता नेऊन थांबा, क्लिक नको. एक छोटी पाटी येईल, की हा लेआउट अमुक ते अमुक नंबरच्या स्लाइडला लागलाय, किंवा एकाही स्लाइडला लागलेला नाही. ही पाटी फार कामाची आहे आणि बरीच वर्षं पॉवरपॉइंट वापरणाऱ्यांनाही ती माहीत नसते. 

आता वरच्या मोठ्या चित्रावर क्लिक करा आणि उजवीकडे जुन्या लोगोवर क्लिक करून बघा. निवडला गेला? मग तो मास्टरवरच राहतो. त्यावर राइट क्लिक करा, चेंज पिक्चर म्हणा, नवी फाइल द्या, लोगो त्याच जागी येईल. वर क्लोज मास्टर व्ह्यू दाबा, बाहेर या. या मास्टरच्या सगळ्या स्लाइडवर लोगो एकदम बदललेला असेल, फक्त सध्या तुमच्या पांढऱ्या चौकोनांखाली झाकलेला, ते काढले की दिसेल. मास्टरवर निवडला नाही गेला तर खालचे लेआउट एकेक करून तपासा, काही लोक लोगो फक्त टायटल स्लाइडच्या लेआउटवर वेगळा ठेवतात, मोठा असतो म्हणून. आणि तिथेही क्लिक झाला नाही तर बहुतेक तो वेगळं चित्र नसून बॅकग्राउंडच्या चित्रातच मिसळलेला आहे, म्हणजे कुणीतरी आख्खं पान लोगोसकट एका इमेजमध्ये बनवून फॉरमॅट बॅकग्राउंडमधून लावलंय, तसं असेल तर ती इमेजच नवी बनवून घ्यावी लागते, त्याला दुसरा रस्ता नाही.

तुमचे पांढरे चौकोन आणि त्यावरचे लोगो मात्र पानांवर आहेत, ते मास्टरमधून जाणार नाहीत. ते एकेका स्लाइडवर जाऊन काढावे लागतील, मला माहितीये हे वाचून जीवावर येईल, पण पहिल्यासारख्या दोन संध्याकाळी लागणार नाहीत. ऑल्ट धरून एफ १० दाबा, उजवीकडे सिलेक्शन पेन नावाची पट्टी उघडते, त्यात त्या स्लाइडवर जे जे राहतं त्याची यादी असते. टायटल १, कंटेंट प्लेसहोल्डर २, रेक्टँगल ५, पिक्चर ६ अशी नावं दिसतील. रेक्टँगल आणि पिक्चर दोन्ही कंट्रोल धरून निवडा, डिलीट, पुढची स्लाइड. फक्त त्या पिक्चरच्या जागी तुमचा स्लाइडमधला खरा फोटो तर नाही ना हे दर वेळी बघून घ्या. आणि हो, जुना लोगो या यादीत तुम्हाला कधीच सापडला नसता, कारण यादी पानापुरती असते. यादीत नाही पण डोळ्याला दिसतंय, याचा अर्थ ते वरून आलंय.

आता लेआउट बदलला तरी अक्षरं का हलली नाहीत ते सांगते, कारण हा मुद्दा लोगोपेक्षाही जास्त लोकांना छळतो.

स्लाइडवर मजकूर लिहायच्या दोन जागा असतात आणि त्या दिसायला हुबेहूब सारख्या असतात. एक प्लेसहोल्डर, म्हणजे 'क्लिक टू ॲड टेक्स्ट' असं लिहून आधीच तयार मिळालेला डबा. दुसरा टेक्स्ट बॉक्स, जो आपण इन्सर्टमधून घेतो आणि हव्या त्या जागी काढतो. दोन्हीत टाइप होतं, दोन्हीचा रंग बदलतो, कडा ओढून दोन्ही लहानमोठे होतात, बघणाऱ्याला काडीचा फरक कळत नाही. पण प्लेसहोल्डर हा लेआउटशी दोरीनं बांधलेला आहे, लेआउट हलला की तो हलतो. टेक्स्ट बॉक्स कुणालाच बांधलेला नाही, तो जिथे ठेवलाय तिथेच बसून राहणार. तुमची फाइल ज्यांनी मुळात बनवली त्यांनी बहुतेक डबे डिलीट करून सगळं टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिलंय, म्हणून तुम्ही लेआउट बदलल्यावर सॉफ्टवेअरनं त्याचं काम केलं, नव्या प्रकारचं पान आणून ठेवलं, त्यावरचे रिकामे डबे आले, पण त्यात घालायला त्याला काही सापडलंच नाही. तुमची काहीच चूक नव्हती. ते रिकामे डबे शो चालू असताना किंवा प्रिंटमध्ये दिसत नाहीत हेही लक्षात ठेवा, म्हणजे घाईच्या वेळी घाबरायला नको.

खात्री कशी करायची? सिलेक्शन पेनमध्ये नाव टेक्स्टबॉक्स असं असेल की प्लेसहोल्डर किंवा टायटल असं असेल त्यावरून बहुतेक वेळा कळतं. आणखी पक्की खूण म्हणजे व्ह्यूमध्ये आउटलाइन व्ह्यू उघडा. डावीकडे सगळ्या स्लाइडचा मजकूर नुसता अक्षरांत दिसतो, आणि त्यात फक्त टायटल आणि मजकुराच्या प्लेसहोल्डरमधलं येतं, टेक्स्ट बॉक्समधलं येत नाही. मी एकदा एका संस्थेसाठी पन्नासेक स्लाइडची फाइल दुरुस्त करायला घेतली होती, आउटलाइन उघडलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत रिकामे चौकोन, एक अक्षर नाही. स्लाइडवर मजकूर खच्चून भरलेला आणि आउटलाइन कोरी. त्या दिवशी मला कळलं की ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही आणि जे स्क्रीन रीडरवर ऐकतात, त्यांच्यासाठी तर ती अशी फाइल होती की कुठल्याच स्लाइडला नाव नाही. तेव्हापासून मी हा फरक कुणालाही पहिल्या दिवशीच शिकवते.

सुधारायचं असेल तर टेक्स्ट बॉक्समधला मजकूर कट करा, रिकाम्या डब्यात क्लिक करा आणि पेस्ट करताना कीप टेक्स्ट ओन्ली निवडा, म्हणजे जुनी सजावट मागे राहते आणि अक्षरं लेआउटच्या शिस्तीत येतात. ३८ स्लाइडना हे करायची गरज नाही, सरांनी दोन-चारच सांगितल्यात ना, तेवढ्याच करा.

रीसेट हा शब्द मला व्यक्तिशः आवडत नाही, कारण मोबाइलवर रीसेट म्हटलं की सगळं पुसलं जातं असं आपल्या डोक्यात बसलंय. इथे तो मजकुराला हात लावत नाही. प्लेसहोल्डरची जागा, आकार, फॉन्ट, रंग हे लेआउटमध्ये जसं ठरवलंय तसं परत आणतो, एवढंच. तुम्ही हेडिंगला हातानं रंग दिला होता तो पानावरचा बदल होता, रीसेटनं तो झटकला आणि छापखान्यातला रंग दाखवला. म्हणजे उलट हे बटण बिघडलेली स्लाइड झटक्यात सरळ करायला आहे, आणि नको असेल तर कंट्रोल झेड आहेच. हेडिंगचा रंग सगळीकडे बदलायचा असेल तर तो मास्टरमध्ये जाऊन हेडिंगच्या डब्याला द्या, मग रीसेट कितीही वेळा दाबलं तरी तुमचाच रंग येईल.

आता थीम आणि टेम्प्लेट. इथे सरांच्या आणि तुमच्या मध्ये जो घोटाळा झालाय त्याला थोडा इतिहास आहे. पॉवरपॉइंट पहिल्यांदा १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर आलं, तेव्हा ते मुख्यतः ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक कागदांची पानं छापायला होतं, म्हणून आजही मेनूत हँडआउट आणि नोट्स पेज असे कागदी शब्द आहेत, आणि स्लाइड हा शब्द तर फोटोच्या ३५ मिलिमीटरच्या स्लाइडवरून आलेला. पुढे २००३ च्या पॉवरपॉइंटपर्यंत फाइलचा सगळा पेहराव बदलायच्या गोष्टीला डिझाइन टेम्प्लेट म्हणायचे. २००७ मध्ये रिबनवाला, म्हणजे वर टॅबांची पट्टी असलेला नवा चेहरा आला, तेव्हा पेहरावाला थीम असं नाव मिळालं, लेआउट मास्टरच्या खाली जाऊन बसले आणि ते स्वतः बनवताही येऊ लागले. म्हणजे जे लोक २००७ च्या आधी शिकले ते आजही थीमला टेम्प्लेट म्हणतात, आणि त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. तुमचे सर त्या काळात शिकले असतील तर त्यांचा टेम्प्लेट आणि मेनूतला टेम्प्लेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आजच्या अर्थानं बघायचं तर थीम म्हणजे मुख्यतः रंगांचा एक संच, फॉन्टची एक जोडी आणि थोडे इफेक्ट. रंगांच्या १२ जागा असतात, त्यातल्या चार गडद-फिकट अक्षरांसाठी नि पार्श्वभूमीसाठी, सहा ॲक्सेंटचे, म्हणजे चार्ट नि आकारांना लागणारे, दोन लिंकचे. फॉन्ट दोन, एक हेडिंगचा, एक मजकुराचा. आणि टेम्प्लेट ही एक फाइल आहे, वेगळी सेव्ह केलेली, तिच्यात थीम असते, मास्टर असतो, लेआउट असतात आणि कधी कधी नमुन्याचा मजकूरसुद्धा असतो. ती डबल क्लिक करून उघडली की मूळ फाइल उघडत नाही, तिच्यावरून एक नवी बिननावाची फाइल तयार होते. कोऱ्या वह्यांचा गठ्ठा म्हणा हवं तर.

मग फिकट निळी थीम म्हणजे सरांना काय हवं होतं? तुम्ही फॉरमॅट बॅकग्राउंडमधून निळा रंग भरून अप्लाय टू ऑल केलंत, त्यानं पानाचा कागद निळा झाला, पण थीमचे रंग होते तसेच राहिले, म्हणजे तक्ते नि चार्ट जुन्याच रंगात आणि कागद तेवढा निळा. थीमचे रंग बदलायचे तर डिझाइन टॅबमध्ये व्हेरिअंट्सच्या कोपऱ्यातला बाण उघडा, तिथे कलर्स आहे, त्यातला निळा संच घ्या. मग चार्ट, टेबल, आकार सगळे एकदम फिरतात. एक मेख आहे, रंगांच्या खिडकीत वरचे असतात थीम कलर्स आणि खाली एक ओळ असते स्टँडर्ड कलर्सची. वरचा रंग दिलेला असेल तर तो थीमबरोबर फिरतो, खालचा दिलेला असेल तर तो कायमचा तोच राहतो. म्हणून थीम बदलल्यावर अधेमधे काही लाल-पिवळं तसंच उरलेलं दिसलं तर समजून जा की आधीच्या माणसानं खालच्या ओळीतून रंग उचललाय.

लेआउट या शब्दाबद्दल मात्र मी सॉफ्टवेअरवाल्यांवर नाराज आहे आणि ते उघड सांगते. एकच शब्द किती ठिकाणी वापरावा! वर्डमध्ये लेआउट टॅब उघडला तर तिथे समास नि कागदाचा आकार मिळतो. पॉवरपॉइंटमध्ये होम टॅबवरच्या लेआउटमध्ये डब्यांची मांडणी मिळते. स्मार्टआर्टची आकृती टाकली की तिचे स्वतःचे लेआउट वेगळे. चार्टवर क्लिक केलं की क्विक लेआउट. प्रिंट करायला गेलं की तिथे परत लेआउट, आणि त्यात एका कागदावर किती स्लाइड छापायच्या हे. माणसानं शिकलेला शब्द पुढच्या खोलीत वेगळाच अर्थ घेऊन उभा असतो, आणि मग आपल्याला वाटतं आपल्यालाच कळत नाही. कागदाचा, म्हणजे स्लाइडचा आकार हवा असेल तर तो पॉवरपॉइंटच्या कुठल्याच लेआउटमध्ये नाही, तो डिझाइनमध्ये स्लाइड साइज या नावानं आहे. २०१३ पासून नवी फाइल १६:९ रुंदीची येते, त्याआधी ४:३ असायची, तुमची फाइल जुनी असेल तर पडद्यावर दोन्ही बाजूला काळे पट्टे का दिसतात त्याचं कारण बहुधा हेच. आकार लहान करताना सॉफ्टवेअर विचारतं मॅक्सिमाइझ की एन्शुअर फिट. मॅक्सिमाइझ म्हणजे मजकूर मोठाच ठेवतो, कडेचा कापला गेला तरी चालेल. एन्शुअर फिट म्हणजे सगळं मावेल इतकं बारीक करतो. घाईत असाल तर एन्शुअर फिट घ्या.

हेडर अँड फूटरही असंच. इन्सर्टमधून उघडलं की नाव हेडर अँड फूटर, पण स्लाइडच्या टॅबमध्ये हेडरची जागाच नाही, फक्त तारीख, स्लाइड नंबर आणि फूटर. हेडर आहे तो दुसऱ्या टॅबमध्ये, नोट्स आणि हँडआउटच्या छापील कागदासाठी. कित्येकांनी तो शोधत अर्धा तास घालवलेला मी बघितलाय.

ट्रान्झिशन आणि ॲनिमेशनमध्ये फार काही नाही, एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना होतं ते ट्रान्झिशन, स्लाइडच्या आतल्या वस्तू येतात-जातात ते ॲनिमेशन. २००७ मध्ये दोन्ही एकाच टॅबखाली होती, म्हणून काही जण अजूनही दोन्हीला ॲनिमेशनच म्हणतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण तुमच्या फाइलीत ती असणार असं मला जवळजवळ खात्रीनं वाटतंय. स्लाइड मास्टरमध्ये गेल्यावर खाली स्क्रोल करा. एकाच मास्टरऐवजी दोन, तीन, पाच मास्टर दिसतायत का, आणि त्यांची नावं १_ऑफिस थीम, २_ऑफिस थीम अशी आहेत का? दुसऱ्या फाइलीतून स्लाइड उचलून आणली आणि पेस्ट करताना कीप सोर्स फॉरमॅटिंग निवडलं की स्लाइडबरोबर तिची प्लेटही येते. पाच जणांनी पाच ठिकाणच्या स्लाइड जोडल्या की एका वहीत पाच छापखान्यांची पानं. मग तुम्ही पहिल्या मास्टरवर लोगो बदलता आणि मधल्याच सात स्लाइडवर जुना लोगो तसाच राहतो, नि आपण डोकं धरून बसतो. प्रत्येक मास्टरवर माउस नेऊन ती पाटी वाचा, कुठल्या स्लाइड कुणाच्या ते कळेल. लोगो मग जितके मास्टर वापरात आहेत तितक्यांवर बदला. पुढच्या वेळी स्लाइड आणताना यूज डेस्टिनेशन थीम घ्या, म्हणजे ती तुमच्या वहीच्या पानावर उतरते. 

तुमच्या ऑफिसात कुणी दुसरं सॉफ्टवेअर वापरत असेल तर तिथे नावं परत बदलतात, वस्तू त्याच राहतात. गूगल स्लाइड्समध्ये मास्टरच्या खोलीला आधी एडिट मास्टर म्हणायचे, मग एडिट थीम झालं, आता व्ह्यूमध्ये थीम बिल्डर या नावानं आहे, दार वेगळं पण आत तेच, वर थीमचं पान आणि खाली लेआउट. ॲपलच्या कीनोटमध्ये आधी ज्याला मास्टर स्लाइड म्हणायचे त्याला आता स्लाइड लेआउट म्हणतात, आणि ॲनिमेशनला तिथे बिल्ड इन, बिल्ड आउट. लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्ये व्ह्यूतून मास्टर स्लाइड उघडतं, पण पॉवरपॉइंटची फाइल तिथे उघडली की तिचे लेआउट वेगवेगळे मास्टर होऊन दिसतात, म्हणून यादी अचानक लांबलचक झाली तर फाइल बिघडली असं समजू नका.

आता सरांचं. लाज वाटते म्हणालात, ते मी समजू शकते, कारण मान एकदा डोलावली की परत विचारणं अवघड होऊन बसतं. पण तुम्ही शब्दाचा अर्थ विचारायला जाऊच नका. सरांकडे गेलात की दोन स्लाइड उघड्या ठेवा आणि म्हणा, सर, नुसता मागचा कागद निळा हवा की चार्ट नि तक्तेसुद्धा निळ्यात यायला हवेत? हा लोगो सगळ्या स्लाइडवर हवा की पहिलीवर मोठा आणि बाकीच्यांवर लहान? ही फाइल या मीटिंगपुरती आहे की पुढे सगळ्यांनी हीच वापरायची आहे? पुढे सगळे वापरणार असतील तर मी तुम्हाला ती टेम्प्लेट म्हणून वेगळी सेव्ह करून देते. बघा, यात एकही प्रश्न न कळणाऱ्या माणसाचा नाही, हे काम जबाबदारीनं करणाऱ्या माणसाचे प्रश्न आहेत. आणि माझा अनुभव असा की तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक साहेब थोडे थांबतात, कारण त्यांनीही तो विचार केलेला नसतो.

आज रात्री काही करू नका. उद्या सकाळी फाइलची एक कॉपी काढा, नावात तारीख घाला, आणि कॉपीवर आधी फक्त लोगो करा, मास्टरमधून. तो जागेवर बसला की चौकोन काढा, मग रंग, दोन-चार स्लाइडचे डबे सगळ्यात शेवटी. याच क्रमानं, कारण चौकोन असताना रंग बदलला तर परत ठिगळं दिसतील आणि तुमचा धीर सुटेल. मधे कुठे अडलं तर मला स्क्रीनशॉट पाठवा, पण नुसत्या स्लाइडचा नको, डावीकडची पट्टी आणि उजवीकडचा सिलेक्शन पेन दोन्ही येतील असा आख्ख्या खिडकीचा पाठवा, नाहीतर ती वस्तू राहते कुठं हे मलाही इथून सांगता येणार नाही.